डाव्या हाताची भाकरी

विद्यापीठाच्या नृत्य विभागातून फोन आला तेव्हा मी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या देत होते. सकाळची फेरी अर्धी झाली होती आणि उरलेली अर्धी उद्यावर ढकलायचं जवळजवळ ठरलं होतं. पलीकडून एक तरुण आवाज म्हणाला, "मॅम, 'भोंग्याआधी' या नृत्यात तुम्ही होतात ना?"

पस्तीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी कधीकाळी नाचत होते हे माझ्या नवऱ्यालासुद्धा लग्नानंतर चार वर्षांनी कळलं, तेही माळा आवरताना एक काळा घट्ट पायजमा सापडला म्हणून. मी म्हटलं, "होते. का?" माझा 'का' जरा तुसडा येतो. तीस वर्षं ऑफिसात काउंटरवर बसल्याचा तो परिणाम आहे.

बोलणारी मुलगी विभागात शिकवत होती. त्यांचा वार्षिक कार्यक्रम जवळ आला होता. विद्यार्थ्यांनी बसवलेली नवी नृत्यं आणि त्यांच्या मधोमध एक जुनं, पुन्हा उभं केलेलं, असा बेत होता. जुनं म्हणून त्यांनी आमच्या नाचाच्या बाईंनी बसवलेलं 'भोंग्याआधी' निवडलं होतं. बाई जाऊन बरीच वर्षं झाली. मग या शिक्षिकेने आम्हा सहाजणींचा शोध घेतला. दोघी आता नाहीत, दोघी परदेशात आहेत, आणि पाचवी म्हणाली, मला काहीही आठवत नाही, कृपा करून माझं नाव छापू नका. राहता राहिले मी.

"आम्ही एका जागी अडकलोय," ती म्हणाली. "तुमच्या भागात लाकडावर तीन ठोके येतात. पण ठोके पडल्यावर होत तर काहीच नाही. मग ते कशासाठी आहेत?"

मला हसू आलं. "काही होत नाही कसं? मी हात बदलते की."

"नाही मॅम. व्हिडिओत तुम्ही हात बदलत नाही."

"तुम्ही नीट बघितलं नसेल," असं म्हणून मी फोन ठेवला, आणि उरलेली अर्धी फेरी नुसत्या रागावर पूर्ण केली.

हा राग समजायचा तर आमची डिलाईल रोडची खोली सांगायला हवी. खोली एक, तिच्यात आम्ही चौघं, आणि दुपार-संध्याकाळ जेवायला येणारी चौदा माणसं. आई खाणावळ चालवायची. सगळे जेवणारे मिलमधले, बरेचसे आमच्याच गावाकडचे, बायका-मुलं गावी ठेवून आलेले. संपानंतर ते निम्म्यावर आले, पण आईचं पहाटे चारला उठणं काही सुटलं नाही. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत डबे भरलेले असायचे. मी अंथरुणातून एक डोळा उघडून बघायचे तेव्हा आई परातीपुढे बसलेली असायची, दार आतून लावलेलं असायचं, आणि तिचा डावा हात भाकरी थापत असायचा.

आई डावखुरी होती. आमच्या घरात हे कोणी उच्चारत नसे. डावा हात कशासाठी वापरायचा असतो हे आपल्याकडे प्रत्येकाला ठाऊक असतं, आणि अन्नासाठी तो नसतो. लहानपणी तिच्या त्या हाताला चटके दिले होते म्हणे, मनगटाजवळ एक डाग होता, त्याबद्दल विचारलं की ती म्हणायची, "तव्याचो." एकदा, मी पाचवीत असेन, दार चुकून उघडं राहिलं आणि एका म्हाताऱ्या जेवणाऱ्याने तिला थापताना पाहिलं. त्याने ताट हळूच पुढे सरकवलं, पाणी प्यायलं आणि उठला. दुसऱ्या दिवसापासून तो समोरच्या चाळीत जेवायला जाऊ लागला. तो काही वाईट बोलला नाही. बोलला असता तर आई त्याला पुरून उरली असती.

तेव्हापासून दाराला कडी आली. आमच्या गॅलरीची जमीन लाकडी होती. कोणी चालत आलं की पावलं आधी ऐकू यायची. ठक, ठक, ठक. तिसऱ्या ठोक्याला आईचा हात बदललेला असायचा. भाकरी अर्धी थापलेली, आणि तिच्यावर आता उजवा हात. उजव्या हाताची भाकरी जरा जाड व्हायची, एका बाजूला कलायची. पावलं पुढे निघून गेली की पुन्हा डावा. हे इतकं सफाईने चालायचं की माझ्या धाकट्या भावाला वाटायचं, भाकरी अशीच करतात.

मी कॉलेजात गेले आणि कोणाच्या तरी नादाने विद्यापीठाच्या नृत्यवर्गात नाव घातलं. वर्ग गिरगावात, एका शाळेच्या हॉलमध्ये, शाळा सुटल्यावर. मॉडर्न डान्स म्हणजे काळे कपडे घालून जमिनीवर पडायचं, एवढीच आम्हा मुलींची समजूत होती. बाईंनी पहिल्या दिवशी आम्हाला जमिनीवर पाडलंही. मग म्हणाल्या, "उद्या घरातलं एक काम हातात घेऊन या. तोंडाने सांगायचं नाही, करून दाखवायचं." एकीने नळावरची कळशी आणली, एकीने विड्या वळणं आणलं, एकीने केरवारा. मी आईची भाकरी आणली. डाव्या हाताची, आणि तिसऱ्या ठोक्याला बदलणारी.

बाईंनी शाळेचं एक लाकडी खोकं ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "पुन्हा. ठोके मी देते." त्या नृत्याचा कणा तिथे ठरला. सहा बायका, सहा कामं, भोंगा होईपर्यंतची बावीस मिनिटं, आणि मधोमध माझी भाकरी.

घरी मी तालीम करायचे ती आईच्या समोरच. दुसरी जागाच नव्हती. पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता ओरडणार. तर ती म्हणाली, "तसो नाय गो. आंगठो आत घे." आणि मग रोज काहीतरी सुधारायची. पीठ नसताना हात किती उचलायचा, पाणी फिरवताना बोटं किती सैल सोडायची. आम्हा दोघींची आयुष्यात तेवढी एकच गोष्ट एकत्र बसून झाली. बाकी वेळी ती कामात आणि मी पुस्तकात, किंवा दोघी भांडणात.

कार्यक्रम दादरला होता. आई म्हणाली, "शेजारणींका पण घेवन येतंय." मी म्हटलं, कशाला? ती म्हणाली, बघूदेत. ती बसली तिसऱ्या रांगेत, लग्नातली जांभळी साडी नेसून, केसात अबोलीची वेणी, दोन्ही बाजूंना चाळीतल्या दोन-दोन बायका.

पुढचं मला असं आठवत होतं: मी नाचले, डाव्या हाताने भाकरी थापली, ठोक्यांवर हात बदलला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. परत येताना बसमध्ये शेजारणी आपापसात बोलत होत्या आणि आई खिडकीबाहेर बघत होती. मी विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, "नाच बरो झालो. पण मी खंय होतंय त्यात?"

त्यात मी कुठे होते? मी ते वाक्य असं घेतलं की तिला लाज वाटली. चार बायकांच्या देखत तिचं गुपित मी उघड्यावर मांडलं आणि आता ती हात वर करून मोकळी होते आहे, ही मी नव्हेच म्हणते आहे. मग एवढ्या हौसेने आंगठा आत घे कशाला सांगितलंस? मला इतका संताप आला की मी म्हटलं, "तुला कळायचं नाही ते. मॉडर्न आहे."

माझ्या पुढच्या दोन्ही कार्यक्रमांना तिच्याकडे काहीतरी काम निघालं. नंतर मला नोकरी लागली, नाच सुटला, लग्न झालं. आई बारा वर्षांपूर्वी गेली. तिचे जे फोटो आहेत त्यांत तिने दोन्ही हात पदराखाली घेतलेत. तो डावा हात मला कुठेही दिसत नाही. त्या फोननंतर मला एवढंच हवं होतं की स्टेजवर का होईना, तो पुन्हा एकदा बघायला मिळावा. तेवढ्यासाठी मी गिरगावला तालमीला गेले.

तालीम आता एका नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होती, आरसे आणि एसी असलेल्या खोलीत. शिक्षिका माझ्या मुलीच्या वयाची निघाली. माझा भाग करणारी मुलगी वरळीच्या बीडीडी चाळीतली होती, काटक, केस वर गच्च बांधलेले. तिने मला वाकून नमस्कार केला आणि लगेच म्हणाली, "मॅम, ते ठोके माझ्या डोक्यात जातात. काय करायचं असतं तिथे?"

"आधी मला तो व्हिडिओ दाखवा," मी म्हटलं.

कुणीतरी हॉलच्या शेवटच्या रांगेतून कॅमेरा लावून केलेलं ते चित्रण होतं. जुन्या कॅसेटवरून लॅपटॉपवर घेतलेलं. रंग विटलेले, आवाज खरखरीत. खाली काळी काळी प्रेक्षकांची डोकी आणि वर आम्ही सहाजणी, अंगठ्याएवढ्या. मला आधी स्वतःच्या कमरेचं कौतुक वाटलं. मग माझा भाग आला. मी गुडघे मुडपून बसले, पाणी फिरवलं, आणि उजवा हात उचलला.

मी म्हटलं, "थांबवा. हे उलटं झालंय. आरशासारखं." शिक्षिकेने शांतपणे पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे स्टेजच्या वर विभागाच्या नावाची पाटी होती आणि तिच्यावरची अक्षरं सरळ वाचता येत होती.

पुन्हा सुरू केलं. मी उजव्या हाताने थापत होते. पहिल्यापासून. ठोके पडले, ठक, ठक, ठक, मी मान वर करून बघितलं, आणि उजव्याच हाताने थापत राहिले. बदलायचं काय? हात आधीच सोज्वळ होता.

मी ते चार वेळा बघितलं. तिसऱ्यांदा बघताना माझं लक्ष खाली गेलं. तिसऱ्या रांगेत मधल्या खुर्चीवर एक अंबाडा होता आणि त्याच्यावर फिकट केशरी पट्टा. अबोलीची वेणी. माझा भाग सुरू होताना ते डोकं पुढे झुकलं. बाजूची चार डोकी जागच्या जागी होती, ते एकच झुकलं. ठोके होईपर्यंत तसंच राहिलं. तिसरा ठोका पडला, काही झालं नाही, आणि ते डोकं सावकाश मागे टेकलं.

मला कोणीतरी पाणी आणून दिलं. मला वाटतं मी रडत होते, पण माझं रडणं रागासारखं दिसतं, त्यामुळे मुलं जरा लांबच उभी राहिली.

मी घाबरले होते. दुसरं काहीही नाही. तिसऱ्या रांगेत आई दिसली, तिच्या बाजूला त्या बायका दिसल्या, आणि माझा हात आपोआप बदलला, गॅलरीत पावलं वाजल्यावर तिचा बदलायचा तसा. तो इतका सफाईने बदलला की मला स्वतःला कळलं नाही. आणि ती तर तयार होऊन आली होती. जांभळी साडी नेसून, शेजारणींना मुद्दाम सोबत घेऊन, जन्मभर कडीआड ठेवलेला हात चारचौघींत बघायला आली होती. मी खंय होतंय त्यात? ती खरंच विचारत होती. आणि मी तिला म्हटलं की तुला कळायचं नाही.

बाईंना त्या दिवशीच कळलं असणार. पडदा पडल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं होतं, "आई आली होती ना?" मी हो म्हटलं. "हं," म्हणाल्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून पुढे गेल्या. मी ती शाबासकी समजत आले.

डोळे पुसून झाल्यावर मी म्हटलं, "हे चुकलेलं आहे. हात डावा आहे. ठोक्यांवर उजवा होतो आणि पावलं गेली की पुन्हा डावा."

शिक्षिका अवघडली. बिचारीचं तरी काय चुकलं होतं? कार्यक्रम परवावर आला होता. "मॅम, रिव्हायव्हल म्हणजे मूळ आहे तसं उभं करायचं. आमच्याकडे पुरावा एकच आहे, हा व्हिडिओ. पत्रिकेत तसं छापूनही झालंय, मूळ नृत्याबरहुकूम."

"मूळ म्हणजे माझी चूक?" माझा आवाज चढला. "तुम्ही माझी भीती पाठ केलीये महिनाभर. बाईंनी बसवलं ते वेगळं होतं."

"ते कुठे लिहिलेलं असतं तर..."

लिहिलेलं कुठे असणार? मी चप्पल काढली, पर्स भिंतीला लावली आणि आरशासमोर जमिनीवर बसले. गुडघ्यांनी निषेध नोंदवला. मी म्हटलं, "त्या खोक्यावर कोण वाजवतं? तू? ये इकडे."

पीठ नसताना हात किती उचलायचा, ते हाताला माहीत होतं. पाणी फिरवताना बोटं सैल सोडायची. आंगठा आत. पस्तीस वर्षं मी घरी पोळ्याच केल्या, त्याही उजव्या हाताने, आणि गेली दहा वर्षं त्यासुद्धा स्वयंपाकाची बाई येऊन करते. पण डावा हात पडला तो थेट तिच्या हातासारखा. ठोके पडले. हात बदलला. आरशात मला दिसलं की मान वर करताना मी हसते आहे, आल्यागेल्याला आई हसायची तशी, ओठ मिटून. पावलं गेली. डावा हात परत आला.

ती वरळीची मुलगी माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "परत करा ना मॅम. जरा हळू."

सात-आठ वेळा केलं. तिचा डावा हात दगड होता. थापायला गेली की खांद्यापासून सगळा हात हलायचा, आणि हात बदलताना उशीर व्हायचा. मी तिला म्हटलं, आंगठो आत घे. तोंडातून तसंच आलं, मालवणीत. शेवटी शिक्षिका म्हणाली, "मॅम, दोन दिवसांत जमलं तर करेल. नाही जमलं तर आहे तसं. स्टेजवर तिची फजिती झालेली मला चालणार नाही." हे मला पटलं. एका मुलीची स्टेजवर काय अवस्था होते, ते मी नुकतंच पाहिलं होतं.

कार्यक्रम संध्याकाळी साडेसहाला, दादरलाच, पण दुसऱ्या सभागृहात. मला पहिल्या रांगेचा पास दिला होता. मी दाराशी उभ्या असलेल्या मुलाशी हुज्जत घालून तिसऱ्या रांगेत बसले. त्याला वाटलं असेल, म्हातारीला चष्म्याचा त्रास आहे.

पहिलं नवं नृत्य पाच मुलांचं होतं, पाठीवर डिलिव्हरीच्या मोठ्या चौकोनी पिशव्या. नसलेले जिने चढायचे, नसलेली बेल वाजवायची, आणि दार कोणीच उघडायचं नाही. मी नाक मुरडायच्या तयारीनेच बसले होते, पण ते मला आवडलं. बाईंना आवडलं असतं. दुसऱ्यात एक मुलगी खुर्चीवर बसून होती आणि नऊ मिनिटं संगीत नव्हतं. शेजारचे गृहस्थ घसा खाकरत राहिले. एरवी मीही खाकरले असते. पण मला पुढे काय येतंय ते माहीत होतं.

मग अंधार झाला, आणि खोक्यावर पहिला ठोका पडला.

कळशी आली, केरवारा आला, विड्या आल्या. पोरींनी छान केलं. आमच्यापेक्षा त्यांची अंगं मोकळी आहेत. मग मधला दिवा लागला. ती मुलगी गुडघे मुडपून बसली. पाणी फिरवलं. मी मनात म्हणत होते, नाही जमलं तर राहू दे गं, तुझ्यावर कसलं ओझं नाही. आणि दुसरीकडे जीव नुसता त्या हाताकडे लागला होता.

तिने डावा उचलला.

पहिली थाप ओबडधोबड पडली. दुसरी जरा बरी. तिसरीपासून खांदा सुटला आणि मनगट चालू लागलं, आणि मला त्या उजेडात पहाटेची आमची खोली दिसायला लागली, दाराची कडी, परात, स्टोव्हचा आवाज. ठोके पडले. तिसऱ्याला तिने हात बदलला, मान वर केली, ओठ मिटून हसली. सभागृहात कुठूनतरी एका बाईचा 'अय्या' असा बारीक आवाज आला. कुणालातरी कळलं होतं. मग पावलं गेली. डावा हात पुन्हा परातीवर आला, आणि आता तो सराईत होता.

"ताई, जरा मागे टेका ना, दिसत नाही," मागून कोणीतरी म्हणालं. मी पुढे झुकून बसले होते हे मला तेव्हा कळलं. मी सॉरी म्हटलं आणि तशीच बसून राहिले. भोंगा होईपर्यंत मला मागे टेकता आलं नाही.

मध्यंतरानंतर आणखी तीन नवी नृत्यं झाली. एकात टॉवरची लिफ्ट होती एवढं आठवतं. बाकीचं मी बघितलं, पण माझ्यापर्यंत आलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी बाहेर जिन्याशी थांबले. ती मुलगी मेकअप न पुसताच धावत आली, मागोमाग तिची आई. आई परळच्या एका हॉस्पिटलात आयाचं काम करते. ड्युटीवरून थेट आली होती, खांद्याला डब्याची पिशवी तशीच. मुलीने माझी ओळख करून दिली, ह्याच त्या मॅम, भाकरीवाल्या. शिक्षिकाही आली. आजूबाजूला बरीच माणसं होती, कोणी फोटो काढत होतं.

तिची आई माझ्याकडे बघून म्हणाली, "छान बसवलंय हां. मला बाकी सगळं नाय कळलं, पण भाकरीचं कळलं. फक्त एक विचारू? ते डाव्या हाताने कशाला? दोन दिवस घरी डाव्याच हाताने थापत बसलीये, सगळं पीठ नासलं. मी म्हटलं, अगं आपल्यात डाव्या हाताने कोण करतं? लोक काय म्हणतील?"

"आई, गप ना," मुलगी कळवळून म्हणाली.

"माझी आई डावखुरी होती," मी म्हटलं.

जरा मोठ्याने म्हटलं गेलं. दोघा-तिघांनी वळून पाहिलं. साठीला आलेल्या बाईने हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं होतं, हे त्यांना कुठून कळणार? मी पुन्हा म्हटलं, "डाव्या हातानेच थापायची. रोज चाळीस-पन्नास. दार लावून."

मुलीच्या आईच्याही हाताला पिठाची सवय होती. तिने अगदी कामाचं विचारलं, "मग व्हायची कशी?"

"गोल," मी म्हटलं. "आणि टम्म फुगायची. एकही भाकरी बसलेली मी बघितली नाही."

"मग काय तर," ती म्हणाली. पिशवी तिने दुसऱ्या खांद्यावर घेतली. "त्यांनी आज यायला पाहिजे होतं."

"आली होती एकदा," मी म्हटलं. "तेव्हा मी दाखवलं नाही."